टिपणीस सरांचं उलटं पोवळं

मुलुंडच्या त्या कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून जायचं म्हटलं की अंधेरीकडचे प्राध्यापक नाक मुरडत. एप्रिलचं ऊन, लांबचा पल्ला आणि वर तिथे मार्तंड टिपणीसांसारखा हेड. अठ्ठ्याऐंशी साली झूलॉजीच्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी अनुपमा दळवीचं नाव तिथे लागलं, तेव्हा स्टाफरूममधल्या बायकांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. हिने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. घरी नवऱ्याला, चंद्रप्रकाशला, सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, सोड ना आता. किती वर्षं झाली त्याला!"

"तुझी झाली असतील," ती म्हणाली आणि साडीला इस्त्री करायला बसली.

लग्नाआधी ती अनुपमा राऊळ होती. बाप, म्हणजे भाऊ, परळच्या गिरणीत साच्यावर, बिऱ्हाड कांजूरमार्गच्या चाळीत, आणि घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी ही पहिलीच. एक्क्याऐंशी साली ती याच मुलुंडच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पास झाली की जूनमध्ये चेंबूरच्या एका शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा तिला मिळणार, असं जवळजवळ ठरलेलं होतं. आई, शेवंतीबाई, त्या नोकरीच्या भरवशावर धाकट्या लवूला इंजिनियर करायची स्वप्नं बघत होती. सगळं नीट चाललं होतं आणि मग ते पोवळं आडवं आलं.

पोवळं म्हणजे अंगठीतलं नव्हे. झूलॉजीच्या कपाटात प्लॅस्टरच्या ठोकळ्यावर बसवलेला एक पांढरा सांगाडा होता, तळहाताएवढा, लांबटगोल. याला मशरूम कोरल म्हणतात, आपण अळंबी-पोवळं म्हणू. एका बाजूने पाहिलं तर अळंबीच्या छत्रीखाली असतात तशा पातळ पातळ पडद्या, मधल्या फटीपासून कडेपर्यंत गेलेल्या. म्हणून ते नाव. टिपणीस सरांनी तरुणपणी रामेश्वरच्या शंखशिंपल्यांच्या दुकानातून ते आणलं आणि स्वतःच्या हाताने ठोकळ्यावर बसवलं. प्लॅस्टरचा एक जाडसा देठ केला, त्यावर पडद्या खाली करून पोवळं टेकवलं आणि अराल्डाइटने पक्कं चिकटवून टाकलं. हुबेहूब अळंबी! सरांना आपली कलाकुसर फार आवडली. वर्षामागून वर्षं मुलं ती अळंबी बघून चित्रं काढत राहिली आणि सर सह्या करत राहिले.

घोटाळा एवढाच की ते सगळं उलटं होतं. या प्राण्याच्या पडद्या वर असतात, आभाळाकडे. मधली फट म्हणजे त्याचं तोंड, तेही वर. बाकीची पोवळी हजारोंनी एकमेकांना चिकटून वसाहत करतात, हा गडी एकटा. एक तोंड, एक अंग, एक सांगाडा. खालची बाजू खरबरीत, बारीक काट्यांची, आणि ती वाळूवर नुसती टेकलेली. पोरवयात त्याला देठ असतो, खडकाला धरून असतो. मग तो देठ मोडतो आणि त्यानंतर तो जन्मभर कुणालाही चिकटून राहत नाही. लाटेने पालथा पडलाच, तर अंग फुगवून फुगवून आपला आपण सुलटा होतो. सरांनी नेमकं हेच जनावर पालथं घातलं आणि त्याच्या तोंडात अराल्डाइट भरलं.

अनुपमाला हे कळलं ते लायब्ररीतल्या एका जाड इंग्रजी पुस्तकातून. त्यात जिवंत प्राण्याचा फोटो होता. तिने जर्नलमध्ये त्या फोटोसारखं चित्र काढलं, पडद्या वर, तोंड वर, देठ नाही. सरांनी ते पान सगळ्या वर्गाला दाखवलं.

"राऊळबाई, अळंबी पाहिलीय का कधी?"

"आम्ही कोकणातले सर. खातो आम्ही अळंबी."

"मग पडद्या वर असतात की खाली?"

वर्ग हसला. अनुपमा लाल झाली. गप्प बसली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण गप्प बसणं राऊळांच्या रक्तातच नाही. ती म्हणाली, "अळंबीच्या खाली असतात सर. पण अळंबीला तोंड नसतं. याला आहे. ते असं खाली डांबून ठेवलं तर हा खाणार काय, प्लॅस्टर?"

आता वर्ग जो हसला, तो बाकं वाजवून हसला. कुणीतरी शिट्टीही मारली. टिपणीस सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि जर्नल मिटून तिच्या हातात दिलं.

बोलायची गरजच नव्हती. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि सर्टिफिकेटवर सही हेडची लागते. बाकी सगळ्यांची सही झाली. अनुपमाला सर म्हणाले, काम अपुरं आहे. तिने पान बदललं, उलटं चित्र काढून नेलं, तेव्हा म्हणाले, आता मुदत संपली. ती केबिनच्या दाराशी उभी राहून रडली, भाऊंनी खाडा करून येऊन हात जोडले. सरांनी भाऊंना बसासुद्धा म्हटलं नाही. प्रिन्सिपॉल म्हणाले, हेड नाही म्हणतात तिथे मी काय करू? टर्म गेली, टर्मबरोबर वर्ष गेलं आणि चेंबूरच्या शाळेत दुसरी बाई लागली.

पुढच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. भाऊ घरी बसले ते बसलेच. घरात एकही पगार नव्हता. अनुपमाचा असायला हवा होता तो नव्हता. तेव्हा अकरावीतल्या लवूने दप्तर खुंटीला टांगलं आणि घाटकोपरला पत्रा कापायच्या पॉवरप्रेसच्या गाळ्यात कामाला लागला. महिन्याभरात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पट्टी बांधून घरी आला तेव्हा लवू हसत होता. म्हणाला, "चालतंय गं ताई, कॅरम डाव्या हाताने खेळेन." त्या दिवशी अनुपमाने टिपणीसांना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ते ती रोज म्हणत राहिली. पुढे बी. एस्सी. झाली, डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी करत एम. एस्सी. झाली, अंधेरीला लेक्चरर झाली, लग्न झालं, तरी म्हणत राहिली. काही माणसं राग विसरतात. अनुपमाने तो लोणच्यासारखा मुरवला होता.

तर आता ती त्याच लॅबच्या दारात उभी होती, एक्स्टर्नल एक्झामिनर म्हणून, आणि टिपणीस सर लगबगीने सामोरे आले. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. बरोबर लॅब अटेंडंट जयवंत, हातात चहाचा ट्रे घेऊन.

"या, या, मॅडम! आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच ना?"

तिने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. ओळखीची रेघही नव्हती चेहऱ्यावर. वाटेत तिने शंभरदा या क्षणाची तालीम केली होती. सर दचकतील, चहा सांडतील, चाचरतील. सरांनी बिस्किटं पुढे केली.

"नाही," ती म्हणाली, "पूर्वी आले होते."

"हो का? वा, वा. घ्या ना, गरम आहे तोवर."

हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं. आपण ज्या माणसाच्या नावाने इतकी वर्षं दातओठ खाल्ले, त्याच्या लेखी आपण कोणीच नाही! चहा तिने घेतला नाही.

परीक्षेचा एक भाग म्हणजे स्पॉटिंग. टेबलावर नंबर घालून नमुने मांडतात. मुलं एकेका नमुन्यापाशी थांबतात, नाव लिहितात, चित्र काढतात, वैशिष्ट्यं लिहितात, घंटा झाली की पुढे सरकतात. नमुने निवडायचा मान एक्स्टर्नलचा. अनुपमाने कपाट उघडलं. वरच्या फळीवर ते होतं, तसंच, पालथं, धूळ बसलेलं.

"हे ठेवू."

"ठेवा की," सर खूश होऊन म्हणाले. "मुलांना अगदी पाठ आहे ते."

"तेच बघायचंय."

तिचा बेत सरळ होता. उलटं चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रश्नाला भोपळा द्यायचा आणि युनिव्हर्सिटीला रिपोर्ट करायचा, की या विभागाचे हेड वर्षानुवर्षं चूक शिकवतायत. ऑक्टोबरात टिपणीस रिटायर होणार हे तिला ठाऊक होतं. हारतुरे, शाल, नारळ, भाषणं. त्या सगळ्यावरच तिला पाणी फिरवायचं होतं. मुलांचे मार्क जातील हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण लवूची बोटं डोळ्यासमोर आली की बाकी काही दिसत नसे.

मुलं आली, घंटा वाजत राहिली, पेपर गोळा झाले. अनुपमाने सातव्या नमुन्याची, म्हणजे पोवळ्याची, पानं तेवढी आधी काढली. सगळी उलटी. पडद्या खाली, देठ खाली, आणि काहींनी तर लिहिलं होतं, हा प्राणी आपल्या देठाने वाळूत उभा राहून तळातलं अन्न वेचून खातो. म्हणजे उलटं बसवून सरांचं भागलं नव्हतं. तोंड खाली का, असं कुणी विचारू नये म्हणून त्यांनी त्याला जेवायची नवी पद्धतही शिकवली होती! तिला हसूही आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला.

एका पानावर मात्र तिची नजर थांबली. राधा पेडणेकर नावाच्या मुलीचं पान. चित्र उलटंच होतं, पण खाली खोडरबराने घासलेला कागद खरखरीत झाला होता. तिने पान खिडकीकडे धरलं. पेन्सिलीचे जुने वळ कागदात उमटलेले होते. पडद्या वर, तोंड वर, देठ नाही.

तोंडी परीक्षेला एकेक जण आत यायचा. समोर अनुपमा, शेजारच्या खुर्चीत इंटर्नल म्हणून टिपणीस सर. राधाचा नंबर आला तेव्हा अनुपमाने तिचंच पान पुढे केलं.

"आधी काय काढलं होतंस?"

राधाने सरांकडे पाहिलं. मग पायाकडे.

"माझ्याकडे बघ. खोडलंस का?"

"मॅडम, चुकून काढलं होतं."

"चुकून? तोंडाची फट बरोबर मध्यावर, पडद्यांच्या कडांना दाते, सगळं चुकून?"

राधाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम धीर करून ती भराभर बोलली, "मॅडम, खरं काय ते आम्हाला सगळ्यांना माहितीय. सिनियर्स सांगतात ना पहिल्याच आठवड्यात. पण लिहायचं सरांचं. नाहीतर जर्नलची वाट लागते. मी ओघात खरं तेच काढलं, मग आठवलं."

टिपणीस सर टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत राहिले. अनुपमाने राधाला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

तिला वाटलं होतं सर चिडतील. सर एकदम थकल्यासारखे दिसले. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "मुलांचे मार्क कापू नका. चूक त्यांची नाही."

"मग कुणाची?"

"ते उलटं बसवलंय, हे मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. एका मुलीने वर्गात दाखवून दिलं होतं. त्याच संध्याकाळी लायब्ररीत जाऊन पुस्तक बघितलं मी. तिचं बरोबर होतं."

सर अडाणी आहेत, हट्टी आहेत, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्याच संध्याकाळी! म्हणजे ती केबिनच्या दारात रडत उभी होती तेव्हा यांना माहीत होतं. भाऊंनी हात जोडले तेव्हाही माहीत होतं.

"तिच्या जर्नलवर सही केलीत?"

"नाही."

"का?"

सरांनी पेपरवेट ठेवला. "वर्ग हसला होता हो," ते म्हणाले. "मुलांसमोर माणसाची काही पत असते. सही केली असती तर दुसऱ्या दिवशी मला कोण विचारणार होतं? आणि मग ते पोवळं सुलटं करायचं म्हणजे... तुम्हीही शिकवता, तुम्हाला कळेल."

"मला नाही कळत," अनुपमा म्हणाली. तिचा आवाज चढला. "सर, मुलांना आत बोलवा. सगळ्यांना. तुम्ही हे त्यांना सांगायचं, तुमच्या तोंडाने. आणि ते पोवळं त्यांच्यासमोर सुलटं करायचं, तुमच्या हाताने."

"मॅडम, ऑक्टोबरमध्ये मी रिटायर होतोय. त्यानंतर कुणीही करील ते."

"आत्ता. नाहीतर मुलांना भोपळा देते आणि का दिला ते युनिव्हर्सिटीला लिहून कळवते. तुमचं नाव घालून. काय ते ठरवा."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक त्या दिवसात पहिल्यांदाच. काही आठवतंय का हे ती त्यांच्या डोळ्यांत शोधत होती. काही आठवलं नाही. त्यांनी जयवंतला हाक मारली.

मुलं आत येऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. परीक्षेत काही लफडं झालंय एवढंच त्यांना कळलं होतं. जयवंतने पटाशी आणि हातोडी आणली आणि स्वतःच पुढे झाला, तशी अनुपमा म्हणाली, "तुम्ही नाही. सर करतील."

सरांनी देठावर पटाशी टेकवली. पहिला घाव हलका, दुसरा त्याहून हलका. तिसऱ्याला प्लॅस्टर फुटून पांढरा भुगा त्यांच्या शर्टावर उडाला आणि पोवळं सुटलं. मधल्या फटीत पिवळं पडलेलं अराल्डाइट घट्ट बसलं होतं. सरांनी ते पटाशीच्या टोकाने कोरून काढायला घेतलं. पडद्यांचे दोनचार दाते तुटले. मग त्यांनी पोवळं टेबलावर ठेवलं, तोंड वर करून. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं, शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

"हे असं असतं," टिपणीस सर म्हणाले. "तोंड वर. खाली देठ नाही. हा मोकळा राहतो. मी उलटं शिकवलं. तुम्हाला ठाऊकच होतं म्हणे." त्यांनी घसा साफ केला. "पूर्वी एका मुलीने बरोबर चित्र काढलं होतं. मला ती बरोबर आहे हे कळलं, तरी मी तिचं जर्नल सर्टिफाय केलं नाही. तिचं वर्ष गेलं."

झालं. हेच तर हवं होतं. याच लॅबमध्ये, मुलांच्या देखत, याच माणसाच्या तोंडून. अनुपमाला वाटलं होतं की हे ऐकल्यावर छातीतलं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. उलट भूक आणखी वाढली.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं.

"अं?"

"त्या मुलीचं नाव. मुलांना कळू दे ना, कोण बरोबर होतं ते."

सर छताकडे बघू लागले. मुलं सरांकडे बघू लागली. राधा पेडणेकर तेवढी अनुपमाकडे बघत होती.

"विमला," सर म्हणाले. "विमला शेट्ये. नाही, थांबा. तिचं बेडकाच्या नसांवरून झालं होतं. तिने नंतर कॉलेजच सोडलं." त्यांनी कपाळ चोळलं. "कुंदा म्हात्रे असेल. छे, कुंदाने वरपर्यंत तक्रार केली होती माझी, म्हणून तिची सही अडवली. ही दुसरी. नंदा केणी? नंदाचं काय होतं बरं..."

बोलता बोलता सर थांबले. आपण काय बोलतोय हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. कोणी हसत नव्हतं. जयवंत हातोडी हातात धरून जमिनीकडे बघत उभा होता.

इतकी वर्षं ती समजत होती की हा माणूस एकदाच चिडला, एकदाच सूड घेतला, आणि तो तिच्यावर. आपला राग तरी आपला एकटीचा आहे, असं तिला वाटत होतं. विमला कुठे असेल? कुंदाच्या घरी कोण धाकटा होता, कुठल्या प्रेसवर गेला?

"मला वाटतं, एवढं पुरे मॅडम," सर पुटपुटले. घाम त्यांच्या गळपट्टीपर्यंत आला होता. "नाव काही आठवत नाही."

आपलं नाव तिच्या अगदी ओठांवर आलं. सांगितलं असतं तर सरांनी माफी मागितली असती, मुलांनी टाळ्याही वाजवल्या असत्या आणि सगळं तिथेच मिटलं असतं. सरांची सुटका झाली असती.

अनुपमाने खुर्ची ओढली, टेबलासमोर बसली आणि पदर सारखा केला.

"थांबू नका, सर," ती म्हणाली. "आठवतील तेवढी सगळी नावं घ्या. आम्हाला घाई नाही."